अक्षरांच्या अलीकडे

आपणच आत्ता लिहिलेली कोडची ओळ सुजीत वाळिंबेला वाचता येईना. आधी त्याला वाटलं, चष्मा धुरकटलाय. दुबईच्या सप्टेंबरात पार्किंगपासून लिफ्टपर्यंत चालत आलं की काचांवर वाफ धरतेच. त्यानं चष्मा काढला, शर्टाच्या टोकाला पुसला, परत घातला. स्क्रीन स्वच्छ होती. ओळी जिथल्या तिथे होत्या, पायरीपायरीनं आत सरकत गेलेल्या आणि मग पायरीपायरीनं बाहेर आलेल्या. हा आकार त्याचा स्वतःचा होता, झोपेतून उठवून दाखवला असता तरी त्यानं ओळखला असता. पण त्यात शब्द नव्हते. शब्दांच्या जागी कुणीतरी बारीक, काळजीपूर्वक काढून ठेवलेली चिन्हं होती. या शहरात आल्यापासून दुकानांच्या पाट्यांवरची अरबी तो जशी बघत आला होता तशी ही दिसत होती: डौलदार, नेटकी, आणि त्याच्याशी काही न बोलणारी. अरबी वाचता येत नाही याचं त्याला कधी काही वाटलं नव्हतं, कारण त्याच पाटीवर खाली इंग्रजी असायचं. आता खाली बघितलं तरी तेच होतं.

त्यानं कीबोर्डवर बोटं ठेवली आणि स्वतःचं नाव टाइप केलं. बोटं सहज चालली. कुठली कळ कुठे आहे, कुठल्या अक्षरानंतर कुठलं येतं, सगळं त्यांना ठाऊक होतं. नाव स्क्रीनवर उमटलं असणार, कारण काहीतरी उमटलं होतं. त्यानं ते बघितलं. ते कुणाचंही नाव असू शकलं असतं. त्यानं पटकन ते पुसून टाकलं, मागून कुणी बघत असेल अशा घाईनं.

मग तो वॉशरूमकडे गेला. जाताना उजवा खांदा काचेच्या दाराच्या चौकटीवर आपटला. दाराचा तो भाग त्याला दिसलाच नव्हता. आरशात त्याचा चेहरा नेहमीसारखा होता. तोंड वाकडं झालेलं नव्हतं, दोन्ही हात वर होत होते. अर्धांगवायूची शंका आली की हे तपासायचं असतं एवढं त्याला माहीत होतं, आणि हात वर होतायत म्हटल्यावर त्याला इतकं हायसं वाटलं, की तो तिथेच बेसिनला टेकून थोडा वेळ हसला. काही नाही, झोप झालेली नाही. आठवडाभर उद्याच्या डेमोपायी जागरणं चालली होती, काल रात्री डोकं भणभणत होतं. त्याची बायको छाया इथे असती तर म्हणाली असती, आधी डॉक्टरकडे चल. पण छाया डोंगरापलीकडे, फुजैराला होती. तिच्या शिपिंग कंपनीचं बंदरावर ऑडिट होतं, ती रात्री परतणार होती. तिचा मेसेज फोनवर आलेला होता. हिरवा चौकोन, आत चिन्हं. त्यानं फोन उलटा करून खिशात टाकला.

"सुजीत, यल्ला, चल लवकर!" अजीज परकारनं बाहेरून हाक मारली. अजीज म्हणजे या गेम-स्टुडिओचा मालक. मूळचा श्रीवर्धनचा, वडिलांचा दुबईतल्या जुन्या देरा बाजारात मसाल्याचा व्यापार. तो सोडून यानं गेम बनवायला घेतला म्हणून घरात अजून कुणी धड बोलत नव्हतं. "उद्या डेमो बघायला ते अबुधाबीवाले येतायत आणि आपला पाणबुड्या अजून बुडतोच आहे. बघितलंस का?"

गेम मोती काढणाऱ्यांचा होता. जुन्या काळी इथले लोक नाकाला चिमटा लावून, पायाला दगड बांधून समुद्राच्या तळाशी जायचे. श्वास संपत आला की कमरेच्या दोराला हिसका द्यायचा, आणि वर होडीतला माणूस ओढून घ्यायचा. गेममध्ये हे सगळं चालत होतं, पण मधेच कधीतरी हिसका देऊनही वरचा माणूस दोर ओढत नसे आणि पाणबुड्या खाली हात हलवत राहून मरत असे. हे का होतं ते शोधायचं काम सुजीतचं होतं. तो भाग त्यानंच लिहिला होता.

"बघतोय," तो म्हणाला.

"बघतोय काय, नुसती ओळ दाखव ना मला. कुठं अडतंय?"

"सांगतो. दु… दुपारपर्यंत."

हा 'दु' अडकला तो त्याच्याच कानाला चटका लावून गेला. लहानपणी कऱ्हाडच्या शाळेत तो तोतरा होता. म्हणजे बोलताना; मनात कधीच नाही. मास्तर उभं करून धडा वाचायला लावायचे तेव्हा 'ल' आणि 'द' त्याच्या दाताशी येऊन उभे राहायचे आणि सगळा वर्ग श्वास धरून त्यांची वाट बघायचा, ती शांतता हसण्यापेक्षा वाईट असायची. पण लिहायला दिलं की तो सुटायचा. कागदावर कुठलंच अक्षर अडायचं नाही. पुढे कॉलेजात कोड लिहायला लागला तेव्हा त्याला वाटलं होतं, ही भाषा आपल्यासाठीच केलेली आहे: इथे कुणी तुमच्या तोंडाकडे बघत नाही, ओळ लिहायची आणि ती जशी लिहिली तशी घडते. वयाची वीसेक वर्षं त्यानं त्या ओळींत काढली. लग्न, पुण्यातली नोकरी, मग दुबई, इराचा जन्म, सगळं त्या ओळींच्या कडेकडेनं झालं. तोतरेपण कधी गेलं ते कळलंही नाही.

म्हणूनच ममताशी त्याचं पटत नसे. ममता लेव्हल डिझायनर होती, नाशिकची, वयानं बरीच लहान, आणि तिला कोड लिहिता येत नव्हता. ती चौकोनांनी काम करायची. गेम बनवायच्या त्याच सॉफ्टवेअरमध्ये ही सोय होती: 'श्वास संपला' हा एक चौकोन, 'दोराला हिसका' हा दुसरा, 'वर ओढ' हा तिसरा, आणि त्यांच्यामधून तारा ओढायच्या. एक अक्षर न लिहिता गेम चालायचा. मागच्याच महिन्यात मीटिंगमध्ये तिनं विचारलं होतं, पाणबुड्याचा भाग चौकोनांत का नको? मलाही बदल करता येतील, प्रत्येक वेळी तुमच्याकडे यावं लागणार नाही. आणि सुजीतनं सगळ्यांसमोर तिला उत्तर दिलं होतं, संथपणे, एकदाही न अडखळता. दहा चौकोन ठीक आहेत, म्हणाला होता. दोनशे झाले की तो शेवयांचा डबा होतो. शोधता येत नाही, दोघांनी केलेले बदल एकत्र करता येत नाहीत, कालच्यात आणि आजच्यात काय फरक पडला ते कळत नाही. "कोड वाचता येतो, ममता. चित्राकडे फक्त बघत बसता येतं." अजीज हसला होता. ममता नव्हती हसली. तिनं तरीही स्वतःच्या वेळात तो सगळा भाग चौकोनांत बांधून ठेवलाय, हे सुजीतला माहीत होतं. त्यानं तो उघडूनही बघितला नव्हता. आपलं तेव्हाचं म्हणणं चूक होतं असं त्याला आजही वाटत नव्हतं. वाटून उपयोगही नव्हता. दुपार झाली होती, अजीज दोनदा येऊन डोकावून गेला होता, आणि सुजीत स्क्रीनसमोर बसून पायऱ्यापायऱ्यांच्या त्या आकारावर माउस वरखाली फिरवत होता, वाचणाऱ्या माणसाचा वेग सांभाळून.

शेवटी तो उठला आणि ममताच्या टेबलापाशी गेला.

"तुझं ते चौकोनांचं व्हर्जन आहे ना. चालव बरं."

तिनं वर बघितलं. टोमणा आहे का ते तिला कळेना. "आत्ता? कशाला?"

"बघायचंय."

तिनं चालवलं. एका स्क्रीनवर पाणबुड्या खाली उतरला, दुसऱ्यावर चौकोनांचं जाळं पसरलं, आणि जे घडत होतं त्याची तार उजळत गेली. श्वास कमी झाला की एक तार लखलखायची, दोर हलला की दुसरी. सुजीत वाकून बघत राहिला. कितीतरी तासांनी पहिल्यांदा त्याच्यासमोर काहीतरी होतं जे बघून कळत होतं. उजेड कुठून निघाला, कुठे गेला, कुठे थांबला. त्याला रडू येईल असं वाटलं आणि तो स्क्रीनच्या आणखी जवळ वाकला.

"थांब. परत. हा उजळला तो कुठला चौकोन? नाव वाच."

"नाव लिहिलंय ना त्यावर."

"तू वाच. मला ऐकायचंय."

ती वाचत गेली. "श्वास संपत आला. हिसका दिला. होडी मोकळी आहे का." तिथे तार दोन वाटांना फुटत होती. पुन्हा पुन्हा चालवल्यावर त्याला दिसलं: वरचा माणूस त्याच क्षणी दुसऱ्या पाणबुड्याची शिंपल्यांची टोपली ओढत असेल, तर याचा हिसका त्या फाट्यावर येऊन विझतो. कुणी तो धरून ठेवत नाही. माणूस मोकळा होईपर्यंत हिसका नाहीसा झालेला असतो. ममतानं त्याच्याच कोडवरून जसंच्या तसं बांधलेलं होतं, त्यामुळे चूकही जशीच्या तशी उतरली होती.

"हिसका लक्षात ठेवायला हवा," तो म्हणाला. "मोकळा झाला की आधी तो बघायचा. मध्ये एक चौकोन टाक."

"टाकते की. तसा तयार चौकोन यादीत आहेच, तुमच्यासमोर." तिनं स्क्रीनवर बोट ठेवलं असावं. "हा बघा, उजवीकडे."

तो बघत होता. तिथे काही नव्हतं. काळं नाही, पांढरंही नाही. डोक्याच्या मागे जसं काही नसतं तसं.

"कुठे?"

"उजवीकडे, सर. माझं बोट आहे तिथं."

त्यानं मान वळवली, आणि कुठून तरी ममताचं बोट आलं, मग हात, मग तिचा चेहरा. तो चेहरा आता त्याच्याकडेच लागला होता. तिनं हळूच टेबलावरचा कागद उचलून त्याच्यापुढे धरला. "हे काय लिहिलंय?"

त्यानं कागद घेऊन परत टेबलावर ठेवला.

"सर, हे कॅन्टीनचं मेन्यूकार्ड आहे. वाचा ना."

"ममता, अजीजला सांगू नकोस."

"कधीपासून होतंय?"

"उद्याचा दिवस जाऊ दे. उद्या ते लोक येऊन जाऊ देत. वाचता न येणारा प्रो… प्रो…" तो शब्द काही केल्या बाहेर येईना. "कोण ठेवेल मला? इथं नोकरी गेली की व्हिसा गेला, घर गेलं, पोरीची शाळा. तुला माहितीय."

"तुम्हाला काहीतरी झालंय," ममता म्हणाली. ती उठून उभी राहिली. "मी अजीज सरांना बोलावते. तुम्ही इथंच बसा."

ती गेली तसा तो आपल्या टेबलाशी परतला. गाडीच्या किल्ल्या बोटांना सापडल्या. लिफ्टसाठी थांबायचा धीर त्याला नव्हता. इराला शाळेतून आणायचं होतं, छायाला सकाळी तसं कबूल केलं होतं. दिवसातली तेवढीच एक गोष्ट होती जिच्यासाठी वाचावं लागत नव्हतं. भिंतीला डावा हात लावून तो जिना उतरला.

शाळेपर्यंतचा रस्ता त्याच्या हातापायांना पाठ होता. फाटकाशी इरा उभी होती, पोहण्याच्या सरावानंतरचे ओले केस, खांद्यावर बॅग. दार उघडल्याचा आवाज आला, बॅग मागे फेकल्याचा, क्लोरीनचा वास आला. मग बेल्ट लागला. गाडी घराकडे, शारजाच्या रस्त्याला लागली आणि त्यानं सवयीनं लेकीकडे बघितलं. शेजारच्या सीटवर कुणी नव्हतं.

"इरा?"

"व्हॉट?" आवाज तिथूनच आला.

"आहेस ना?"

"डॅड, यू आर बीइंग वियर्ड."

त्यानं मान पूर्ण वळवली तेव्हा ती सापडली, अर्धी. एक कान, ओली बट, खिडकी. समोर बघितलं की पुन्हा नाहीशी. त्याला वाटलं, तिच्याशी बोलत राहावं. बोलत राहिलं तर ती तिथे राहील. शाळेत काय झालं, डबा खाल्लास का, कोच काय म्हणाला. ती "फाइन", "येस", "नथिंग" म्हणत होती आणि प्रत्येक शब्दाबरोबर ती असल्याचं कळत होतं. दोन शब्दांच्या मध्ये मात्र ती सीट रिकामी होती. वरून निळ्या पाट्या येत होत्या, जात होत्या, वर अरबी, खाली इंग्रजी, दोन्ही आता सारख्याच. कुठला फाटा सोडायचा, कुठला धरायचा? रोजचा रस्ता अचानक सगळीकडे फुटायला लागला.

"इरा, पाट्या वाच गं जरा मला."

"व्हाय?"

"गंमत."

"दॅट वन वॉज अवर्स. डॅड! यू मिस्ड इट."

त्यानं घाईनं स्टिअरिंग उजवीकडे घेतलं. उजवीकडे त्याच्या लेखी मोकळी जागा होती. त्या मोकळ्या जागेतून एक हॉर्न सुरू झाला, मोठा, न थांबणारा, ट्रकचा, आणि इरा किंचाळली. ती किंकाळी इतकी जवळून आली की त्याला पहिल्यांदा कळलं, ते जे येतंय ते आधी तिच्यावर येतंय. त्यानं गाडी डावीकडे ओढली. काहीतरी खरडत गेलं, तिच्या बाजूचा आरसा तुटून काच उडाल्याचा आवाज झाला. मग कधीतरी गाडी डाव्या कठड्याशी थांबलेली होती आणि बाजूनं वाहनं सुसाट जात होती. इंजिन चालू होतं. स्टिअरिंगवरचे हात सुटत नव्हते.

"लागलं? इरा, लागलं का तुला?"

"नो." ती रडत होती. "नो. डॅड, तू तिकडे बघितलंच नाहीस. यू डिडन्ट इव्हन लुक."

"मला दिसत नाहीयेस तू," तो म्हणाला. आणि ते एकदा बोलून झाल्यावर बाकीचं आपोआप बाहेर पडलं, अडखळत, तुटत, सकाळपासूनचं सगळं. ती ऐकत होती. रडणं थांबलं होतं. तेरा वर्षांच्या पोरीनं हात लांब करून गाडीची किल्ली फिरवली, इंजिन बंद केलं, आणि अँब्युलन्सला फोन लावून इंग्रजीत, स्पष्ट आवाजात सांगायला लागली की माय फादर कॅनॉट सी द राइट साइड, अँड ही कॅनॉट रीड.

हॉस्पिटलमध्ये डॉक्टरीणबाई सुदानी होत्या, मऊ इंग्रजी बोलणाऱ्या. तपासण्या झाल्या, डोक्याचे फोटो झाले. केव्हा सुरू झालं, त्यांनी विचारलं. सकाळी, सुजीत म्हणाला. आज सकाळी? हो. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. मग त्यांनी नीट, हळूहळू समजावलं. मेंदूच्या मागच्या भागात गुठळी अडकली होती. डोळे चांगले आहेत, भाषाही चांगली आहे. डोळ्यांकडून भाषेकडे जाणारी वाट तेवढी बंद पडली आहे. गुठळी विरघळवायचं औषध असतं, पण ते लवकर द्यावं लागतं. आता ती वेळ गेली. नजर थोडी परत येईल कदाचित. वाचणं? पुष्कळ सरावानं, काही जणांना, काही प्रमाणात. इन्शाल्ला. त्यांनी दिलेला शब्द तो होता आणि त्याच्यापुढे त्या गेल्या नाहीत.

अजीजचा फोन आला तेव्हा इरानं तो त्याच्या कानाशी धरला. "अरे वेडा आहेस का तू?" अजीज ओरडला. "दिवसभर माझ्यासमोर बसून… मी काय खाणार होतो तुला? ऐक, कामाचं टेन्शन घेऊ नको. ममतानं ते दुरुस्त केलं. उद्या तिचंच चालवतोय, चौकोनांचं. पाणबुडे येतायत वर, सगळे. खलास, विषय संपला. तू फक्त झोप."

"बरं झालं," सुजीत म्हणाला. त्याला खरंच बरं वाटलं, आणि त्याच्या खाली, खोल, आपण ज्या घरात राहत होतो त्याला कुणीतरी बाहेरून कुलूप लावून किल्ली नेल्यासारखं वाटलं. पुढच्या महिन्यात अजीज काय करेल, त्याला विचारायचं नव्हतं. अजीजनंही ते काढलं नाही.

डॉक्टरीणबाईंनी जाण्याआधी त्याच्या हातात एक कागद आणि पेन दिलं होतं. काहीही लिहा, कुठल्याही भाषेत, जे मनात येईल ते. त्यानं मराठीत एक ओळ लिहिली होती, एका दमात. वाचा, त्या म्हणाल्या. त्याला ती वाचता आली नाही. त्यांनी मान हलवली, काहीतरी टिपून घेतलं आणि त्या पुढच्या पेशंटकडे गेल्या. कागद पांघरुणावर तसाच राहिला. छाया फुजैराहून निघाली होती, अजून डोंगरातच होती. खोलीत ते दोघंच.

इरानं कागद उचलला. "व्हॉट डझ इट से?"

"तू वाच ना."

"आय कान्ट. इट्स मराठी." ती अपराधी झाली. "आई शिकवणार होती. मग राहिलं."

"नाव लिहिलंय माझं," तो म्हणाला.

इरानं कागदाकडे बघितलं. "इट्स टू लाँग फॉर युअर नेम."

 तो उठून बसला, कागद मांडीवर घेतला आणि उजव्या हाताचं बोट पहिल्या अक्षरावर ठेवलं. डोळ्यांना ते अजूनही कुणाचंच नव्हतं. पण बोट त्याच्या वळणावरून सरकलं, खाली आलं, गाठ मारून आडवं गेलं, पुन्हा उभं उतरलं, आणि हाताला ते ओळखू आलं. हातानं ते आयुष्यभर काढलं होतं.

"म," तो म्हणाला. दचकलाच. त्यानं इराचं बोट धरलं आणि आपल्या बोटाखाली घेतलं. "अशी गाठ, मग आडवं, मग दांडी. म. हे पुढचं… थांब… ल. त्याला काना. ला."

"मला," इरा म्हणाली. "मीन्स, टू मी."

"हं."

पुढचं अक्षर काय आहे ते त्याला माहीत होतं. लिहिताना माहीतच होतं. इथे थांबता आलं असतं. पुढचं पुसट आहे, नंतर बघू, असं म्हणता आलं असतं आणि पोरीनं ते मानलं असतं. तिचं बोट त्याच्या बोटाखाली गार होतं आणि वाट बघत होतं. त्यानं ते पुढे नेलं. गाठ, गोलाई, दांडी, आणि वरून मागे फिरून आलेली वेलांटी.

"भी," तो म्हणाला. "आणि हा त. त्यालाही तशीच. ती."

इरानं दोन्ही मनात जोडली. तिला बोलायला येणारी मराठी थोडीच होती, पण हा शब्द त्यात होता.  तिनं बोट काढून घेतलं नाही. उरलेली अक्षरं दोघांनी मिळून, एकेक करत, शेवटपर्यंत वाचली.